पंप बदलण्याआधी तेल बघा
रत्नागिरीच्या संशोधन केंद्रातल्या विंचचा (दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राचा) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालवणारा, पंप तापला की आवाज करतो, दाब टिकत नाही, म्हणून नवा मागवायचा असं या चर्चेत वर ठरत आलंय. थांबा जरा. तेल दुधाळ झालंय असं प्रश्न विचारताना तुम्हीच लिहिलंय ना? ते थोडं काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. तळाकडून निवळत गेलं तर तेलात हवा शिरतेय. सक्शन होजचा (टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीचा) क्लॅम्प आणि पंपाच्या दांड्याभोवतीचं शाफ्ट सील तपासा. तसंच पांढरट राहिलं तर तेलात पाणी आहे. गॉगल लावून दोन थेंब तापल्या तव्यावर टाका (कॅन्टीनच्या नको!), तडतडलं की खात्री. आपल्याकडे पावसाळ्यात टाकीचा साधा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची झडप) दमट हवाच ओढतो, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा बसवा. पिस्टन पंप असेल तर केस ड्रेनचं, म्हणजे पंपाच्या आत गळून वेगळ्या नळीने बाहेर येणारं, तेल मोजा. पुस्तिकेतल्या मर्यादेत असलं तर पंप बहुधा ठीक आहे, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडून बघा.