समुद्रकाठच्या पक्षी-आश्रयात बदकांची शिकार: परवानगी असावी का?

खाजणवाट:
न्यू जर्सीतल्या मराठी पक्षीवेड्यांना एडविन फोरसाइथ राष्ट्रीय वन्यजीव आश्रयाची ओळख करून द्यायला नको. अटलांटिक सिटीच्या उत्तरेला पसरलेली खाजणं, ४७ हजार एकरांवर क्षेत्र, आणि आठ मैलांचा तो गाडीरस्ता, जिथून काच खाली करून स्नो गीज या पांढऱ्या हंसांचे थवे बघता येतात. याच आश्रयाच्या ठरावीक भागांत हिवाळ्यात परवाना काढून बदकं आणि हंस मारता येतात. माझं म्हणणं सरळ आहे, ही परवानगी बंद व्हावी. सगळी नाही तर निदान ब्रँट हा हंस आणि ब्लॅक डक हे गडद रंगाचं रानबदक, या दोघांपुरती तरी.

ब्रँट हा काळ्या मानेचा लहानसा हंस, कॅनडाच्या आर्क्टिकमधून येतो. १९३०च्या दशकात ईलग्रास या समुद्री गवतावर रोग पडला आणि त्यावर जगणारे हे हंस भुकेने मेले. जे उरले ते सी लेट्यूस नावाच्या शेवाळावर निभावायला लागले. त्यात कस कमी, म्हणून सतत चरावं लागतं, तेही ओहोटीला चिखल उघडा पडतो तेवढ्याच वेळात. एक बार झाला की अख्खा थवा उठतो. परत उतरेपर्यंत भरती चढायला लागते. कोणी किती पक्षी मारले याची नोंद होते, पण जे मेले नाहीत ते किती वेळ उपाशी राहिले याची कुठे होते?

दक्षिणजर्सीकर:
मी शिकार करतो, परवाना काढून. त्यामुळे माझी बाजू उघड आहे. ही खाजणं विकत घ्यायला पैसे कुठून आले ते आधी बघा. १९३४ पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाणपक्षी शिकाऱ्याला डक स्टॅम्प, म्हणजे सरकारी तिकीट, घ्यावा लागतो. पहिला एक डॉलरचा होता, आता पंचवीसचा आहे, आणि त्यातल्या दर डॉलरमागे ९८ सेंट जमिनीवर खर्च होतात. देशभरात सुमारे ६० लाख एकर पाणथळ अशी राखली गेली. शिवाय १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. दुर्बिणीवर असा कर कोणी लावलाय का?

ब्रँटचंही सांगतो. हंगाम किती दिवसांचा आणि दिवसाला किती पक्षी, हे दर वर्षीच्या गणतीवर ठरतं. १९७०च्या दशकात संख्या घसरली तेव्हा काही हंगाम शिकार पूर्ण बंद होती. २०१९ मध्ये पूर्व किनाऱ्यावर मॅलार्ड या बदकाची दिवसाची मर्यादा चारवरून दोनवर आणली. आम्ही निमूट मानली.

पाणकोंबडी:
@दक्षिणजर्सीकर, पैसे दिले म्हणून बंदुकीचा हक्क आला, हे मला पटत नाही. डक स्टॅम्प कोणालाही घेता येतो. मी दर वर्षी घेते, बंदूक कधी हातात धरलेली नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला वीस लाखांहून जास्त स्टॅम्प विकले जायचे, आता पंधरा लाखांच्या आसपास. शिकारी कमी होत चाललेत. उद्या त्यांच्याच खिशावर आश्रय चालवायचे म्हटले तर आश्रयांचंच अवघड आहे.

आणि जखमी पक्ष्यांचं काय? छर्रा लागूनही जो पडत नाही, तो पंख ओढत गवतात शिरतो. त्याला ना कुत्रा शोधतो, ना तो तुमच्या मोजणीत येतो. असा एक ब्लॅक डक मी बांधाच्या कडेला बघितला आहे. एक पंख पाण्यात लोळत होता, मान मात्र ताठ. जवळ जायचा प्रयत्न केला की तो अजून आत सरकायचा.

दक्षिणजर्सीकर:
जखमी पक्षी सोडून येणं आम्हालाही लाजिरवाणं वाटतं. म्हणूनच लॅब्रेडोर पाळतो, आणि लांबचा बार टाकत नाही. सुधारणा होत नाहीत असं नाही. पूर्वी शिशाचे छर्रे तळाशी साठायचे. बदकं वाळूचे खडे समजून ते गिळायची, पोटात ते दळले जायचे आणि विषबाधेने बदकं मरायची. १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिसं देशभर बंद झालं.

विदर्भवाला:
भारतातून लिहितोय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्नच उरला नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीत १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, तिथल्या दगडावर आकडा कोरलेला आहे. आज तिथे लोक कॅमेरे घेऊन जातात. शिकार थांबली म्हणून पाणथळ ओस पडली नाही.

चंद्रपुरी:
@विदर्भवाला, पण नुसती बंदी पुरते का? भरतपूरचा गळा पाण्याने आवळला, बंदुकीने नव्हे. पांचना धरणाचं पाणी अडलं तेव्हा तलाव कोरडे पडले. सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे दिसला नाही. आपल्याकडे बंदी कडक आणि पाणथळ जागा भरावाखाली, ही अवस्था मुंबईच्या आसपास कोणीही बघावी. अमेरिकेत शिकारी आहे म्हणून खाजणासाठी भांडणारा एक गट तरी आहे. मला शिकार आवडत नाही, पण तो गट गमवायची माझी तयारी नाही.

खाजणवाट:
@चंद्रपुरी, भांडणारा गट हवाच. पण अशा राष्ट्रीय आश्रयांसाठीच्या १९९७ च्या अमेरिकी कायद्यात शिकार, मासेमारी, पक्षीनिरीक्षण, छायाचित्रण या सगळ्यांना एकच अट आहे, आश्रयाच्या मूळ कामाला बाध येता कामा नये. ब्रँट आणि ब्लॅक डक यांचा हिवाळा सांभाळणं हे फोरसाइथच्या मुख्य कामांपैकी एक आहे. १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत ब्लॅक डकची हिवाळी गणती निम्म्याहून खाली आली. ज्याच्यासाठी जागा राखली त्यालाच तिथे नेम धरून मारायचं, याला मी बाध म्हणतो.

पूर्ण बंदी मान्य नसेल तर एवढं करा: ओहोटीच्या चरण्याच्या वेळेत बार नको.

दक्षिणजर्सीकर:
ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, खाडीच्या तोंडाशी एक वेळ आणि आत दुसरी. रक्षकाने कोणत्या घड्याळावर दंड करायचा? आणि थवे उठवायला बंदूकच लागते असं नाही. कयाकवाले आणि मोकाट कुत्री हिवाळाभर उठवतात, तिकडे का नाही बघत?

खाजणवाट:
त्यांनाही बंदी करा, सही मी करतो. राहिली घड्याळाची गोष्ट. भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापलेलं असतं, ठिकाणागणिक फरकासकट. होडी चिखलात रुतू नये म्हणून तुम्ही ते पहाटे बघताच.