'थ्रेशोल्ड': उंबरठा म्हणावं की अडसर?

रानजाई:
जर्मनी आणि तुर्कस्तानच्या निवडणूक पद्धतींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिथे पक्षाला देशभरात ठराविक टक्के मतं पडली नाहीत, तर पक्षांच्या यादीतून जागा वाटताना त्याला सहसा धरतच नाहीत. या अटीला इंग्रजीत थ्रेशोल्ड म्हणतात. मी सरळ 'उंबरठा' लिहिलं. पण 'पक्ष ५ टक्क्यांच्या उंबरठ्यावर आहे' हे वाक्य परत वाचलं आणि अडले. पक्ष आत आहे की बाहेर?

परभणीकर:
शंका रास्त आहे. मराठीत 'उंबरठ्यावर' म्हणजे 'होण्याच्या बेतात': दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, साठीच्या उंबरठ्यावर. पण शब्द टाकू नका, क्रियापद बदला. पक्षाने उंबरठा ओलांडला, किंवा तो उंबरठ्याबाहेर राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीत सारा वागेनक्नेख्ट यांच्या पक्षाला ४.९८ टक्के मतं पडली. पंचवीस लाखांच्या जवळपास मतं घेऊनही एक जागा नाही, आणि हुकलं ते दहा हजारांहून कमी मतांनी. तो पक्ष बाहेर राहिला, असंच लिहावं लागेल.

जुनी वही:
मला इथे 'उंबरठा' फार सौम्य वाटतो. जर्मन लोक या तरतुदीला 'श्पेर्क्लाउझेल' म्हणतात, म्हणजे अडवणारं कलम. आपल्याकडे 'अडसर' आहे की! हल्ली या शब्दाचा अर्थ नुसता अडथळा असा उरलाय, म्हणून मूळ वस्तू सांगते. माझ्या आजोळी मोठ्या दाराला सागवानी अडसर होता. दिवसभर तो भिंतीतल्या भोकात असायचा, टोक तेवढं दिसायचं. रात्री निजानीज झाली की आजी तो ओढायची आणि दाराआडून पलीकडच्या भोकात सरकवायची. उंबरठा येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सारखा. अडसर लावतो तो आतला माणूस. तुर्कस्तानातली १० टक्क्यांची अट १९८० च्या लष्करी उठावानंतर आली. २००२ मध्ये ती ओलांडून दोनच पक्ष संसदेत पोचले. त्यातल्या एकाला ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा! जवळपास निम्म्या मतदारांनी निवडलेले पक्ष दाराबाहेर राहिले. याला उंबरठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परभणीकर:
ताई, तुमचा राग समजतो, पण अडसराला उंची नसते. तो लागलेला असतो नाहीतर काढलेला असतो. इथे तर आकडा वरखाली होतो. इस्रायलने तो १ टक्क्यावरून पायरीपायरीने चढवत २०१४ मध्ये ३.२५ वर नेला, तुर्कस्तानने २०२२ मध्ये १० चा ७ केला. उंबरठा उंच बसवता येतो, तासून उतरवताही येतो. नेदरलँड्समध्ये वेगळी अट नाही, १५० जागांपैकी एका जागेपुरती मतं मिळाली की पक्ष आत. २०२१ मध्ये तिथे १७ पक्ष निवडून आले. उंबरठ्याची उंची आणि घरातली गर्दी यांचं नातं 'अडसर' म्हणून दाखवताच येणार नाही.

वाटसरू:
आपल्याकडे एक षष्ठांश मतांची अट असते, तोही उंबरठाच ना?

परभणीकर:
नाही, ती अनामत रकमेची अट. तेवढी मतं न मिळाल्यास पडलेल्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं, इतकंच. निवडून आलेल्याला एक षष्ठांशाहून कमी मतं असली तरी त्याची रक्कम परत मिळते. लोकसभेत जायला मतांची किमान टक्केवारी लागत नाही, मतदारसंघात सगळ्यांत जास्त मतं लागतात. म्हणूनच हा शब्द आपल्या बातम्यांत रुळलेला नाही.

रानजाई:
दोघांचेही आभार. कायद्याचं वर्णन असेल तिथे 'उंबरठा' ठेवते. तुर्कस्तानवरच्या परिच्छेदात मूळ लेखिका स्वतः चिडली आहे, तिथे 'अडसर' घालते, आणि 'आतून लावलेला' हे शब्द जोडते, म्हणजे नुसता अडथळा असा अर्थ कोणी घेणार नाही. आणखी एक चूक तुमच्यामुळेच सापडली. उंबरठ्याबाहेर राहिलेल्या पक्षांच्या मतांना मी 'बाद मतं' लिहून बसले होते. बाद म्हणजे चुकीचा शिक्का, फाटकी मतपत्रिका. ही मतं तर नीट मोजलेली आहेत. 'वाया गेलेली' करते.

जुनी वही:
'वाया' मतदाराला लागेल गं. 'प्रतिनिधी न मिळालेली मतं' लिही, लांब झालं तरी चालेल.