थीम म्हणजे विषय की सूत्र?

प्रश्न

भाजीवाल्या, रिक्षावाले, टपरीवाले यूपीआयवर पैसे कसे घेतात, यावरच्या मुलाखती मराठीत झाल्या आहेत. अहवालही मराठीत हवाय. 'थिमॅटिक अ‍ॅनालिसिस'ला, म्हणजे मुलाखतींमधले समान धागे (थीम) शोधण्याला, 'विषयात्मक विश्लेषण' म्हणावं की 'आशयसूत्र विश्लेषण'? 'कोडिंग'ला, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना छोटी नावं देण्याला, 'संकेतन' लिहिलं तर कुणाला कळेल का? आणि 'ग्राउंडेड थिअरी'चं, म्हणजे मुलाखतींतूनच सिद्धांत उभा करण्याच्या पद्धतीचं, काय करू? मुळात ही एकाच कामाची वेगवेगळी नावं आहेत की पद्धतीच वेगळ्या?

प्रतिसाद

थीम म्हणजे विषय. सोपा शब्द असताना 'आशयसूत्र' कशाला? शाळेतल्या निबंधाची आठवण येते.

प्रतिसाद

'आशय' गाळा हवं तर, पण 'सूत्र' ठेवा. 'विषय' लिहिलंत की कामच बदलतं.

समजा भाजीवाली म्हणाली, "स्पीकर बोलला की मगच पिशवी सोडते. फोन बघायला हात कुठं मोकळे असतात?" रिक्षावाला म्हणाला, "पॅसेंजर स्क्रीन दाखवतो, पण माझ्या फोनवर मेसेज आल्याशिवाय मी त्याला जाऊ देत नाही." विषयवार लावायला बसलात तर पहिलं वाक्य 'स्पीकर'खाली जाईल, दुसरं 'मेसेज'खाली. दोन डबे भरले, हाती काही नाही. दोघांचं म्हणणं मात्र एकच आहे: पैसे आल्याची खात्री गिऱ्हाइकाच्या फोनवरून नाही, आपल्या बाजूला उमटलेल्या खुणेवरून करायची. हे सूत्र. ते पूर्ण वाक्यात सांगता येतं, त्यावर कुणी वाद घालू शकतो. 'स्पीकर' या शब्दाशी काय वाद घालणार?

व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००६च्या लेखात या पद्धतीचे सहा टप्पे मांडले, तेव्हापासून ती फार वापरात आली. विषयांचे गोषवारे म्हणजे थीम नव्हेत, हे त्या पुढेही सांगत राहिल्या. 'मुलाखतींमधून थीम आपोआप वर आल्या' या भाषेवरही त्यांचा आक्षेप आहे. मराठीत सूत्र कुणीतरी गुंफावं लागतं, हे त्या शब्दातच आलं.

'कोड' मात्र तसाच राहू द्या. 'या वाक्याला कोड लावला' हे सगळ्यांना कळतं. 'संकेतन' मला तरी सरकारी परिपत्रकातलं वाटतं. आणि कोड देताना बोलणाऱ्याचेच शब्द उचलता येतात. 'आवाज आला की सोडते' हा कोड 'व्यवहार-पुष्टी'पेक्षा शंभर पटींनी बरा.

ग्राउंडेड थिअरीचं भाषांतर करण्याआधी तुम्ही ती खरंच वापरताय का, ते बघा. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. आधी ते इस्पितळांमधल्या मरणासन्न रुग्णांभोवतीच्या वागण्याचा अभ्यास करत होते, त्यातून ती घडली. तिच्यात मुलाखत आणि विश्लेषण हातात हात घालून चालतात. चार मुलाखतींचं कोडिंग झालं की त्यावरून पाचवी कुणाची घ्यायची ते ठरतं. तुमच्या मुलाखती आटोपल्यात, म्हणजे ती गाडी गेली. ते नाव अहवालात नकोच.

प्रतिसाद

आमच्याकडे भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवतात, तेही यातच येतं का? त्याला इंग्रजीत 'अ‍ॅफिनिटी मॅपिंग' म्हणतात; त्यातल्या 'अ‍ॅफिनिटी'ला 'आत्मीयता' लिहिलेलं वाचून हसू आवरेना.

प्रतिसाद

'चिठ्ठ्यांची जुळवणी' म्हणा, झालं! ही जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची पद्धत. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य केलेला माणूस. जपानीत आडनाव आधी, म्हणून के-जे पद्धत. तिची मेख एवढीच की मथळे आधी लिहायचे नाहीत. चिठ्ठ्या आधी जवळ आणायच्या, नाव मागाहून. आपल्याकडे बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच 'समस्या', 'अपेक्षा', 'सूचना' असे मथळे भिंतीवर चढतात, मग उरते ती नुसती वर्गवारी. दोन दिवसांत पाच-सहा जणांनी मिळून काही ठरवायचं असेल तर हीच धरा. एकट्याने निवांत बसून शब्दन्‌शब्द वाचायचा असेल तर वर सांगितलेली सूत्रांची.

प्रश्नकर्ती

छान, सूत्रच घेते. पण साहेब विचारणार, "किती टक्के लोक असं म्हणाले?"

प्रतिसाद

ते 'आशय विश्लेषण', म्हणजे कंटेंट अ‍ॅनालिसिस. त्यात बहुतेकदा कोडांची यादी आधी पक्की करतात, दोघे जण वेगवेगळे बसून कोड लावतात, आणि त्यांचं किती जुळलं ते 'कोहेनचा कॅपा' नावाच्या आकड्याने मोजतात. पण पंधरा-वीस मुलाखतींवर टक्केवारी छापू नका. साहेबांना सांगा, किती जण असं करतात हे सर्वेक्षणाला विचारायचं. ते असं का करतात, ते या मुलाखतींना.

जाता जाता, मुखपृष्ठावर 'गुणात्मक संशोधन' (क्वालिटेटिव्ह रिसर्च, म्हणजे आकड्यांपेक्षा लोकांच्या बोलण्यावर उभं असलेलं) छापाल तेव्हा खाली एक ओळ खुलासा द्या. आमच्या एका वाचकाने त्याचा अर्थ 'दर्जेदार संशोधन' असा घेतला आणि "बाकीचं दर्जाहीन होतं का?" असं विचारलं.

प्रश्नकर्ती

खुलासा टाकते. आता 'इनसाइट' तेवढा उरला. 'अंतर्दृष्टी' लिहिलं तर भाजीवालीला साक्षात्कार झाल्यासारखं वाटतंय.

प्रतिसाद

'उमज' कसा वाटतो?