मागे काही नसताना गाडी ब्रेक मारते, खांब मात्र उशिरा दिसतो

प्रश्न – रिव्हर्सगिअर
मागे मोकळी जागा असतानाही रिव्हर्समध्ये गाडी आपोआप करकचून थांबते. उलट बारीक लोखंडी खांबाला बीप अगदी शेवटी येतो. मागचा बंपर नुकताच रंगवलाय. सेन्सर गेले म्हणायचे का?

चकती४०
आधी रंग तपासा. बंपरवरचा प्रत्येक गोल सेन्सर म्हणजे एक पातळ धातूची चकती. ती साधारण 40 ते 50 किलोहर्ट्झने थरथरून ध्वनी सोडते आणि तीच प्रतिध्वनी ऐकते. अडथळा 1 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सुमारे 6 मिलिसेकंद लागतात, त्यावरून अंतर निघतं. चकतीवर रंगाचा जाड थर चढला की कंपनं बदलतात. मग दुबळा प्रतिध्वनी हरवतो, नाहीतर स्वतःचीच उरलेली थरथर अडथळा म्हणून मोजली जाते.

त्याहून वाईट म्हणजे सेन्सरभोवतीची सिलिकॉनची रिंग. ती रंगाने बंपरला चिकटली की कंपनं थेट बंपरमध्ये शिरतात. रंगवताना सेन्सर काढले होते का, हे गॅरेजला नक्की विचारा.

रिव्हर्सगिअर
काढले नव्हते, वरूनच स्प्रे मारलाय. चारपैकी नेमका कुठला बिघडलाय हे कसं ओळखायचं?

वायरिंगवाला
इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये. आता एकेका सेन्सरवर बोट टेकवा. चालू सेन्सरची बारीक टिकटिक बोटाला जाणवते. एखादा मुका लागला तर आधी कनेक्टरमध्ये पाणी किंवा गंज आहे का बघा, मग सेन्सरवर या. चारही टिकटिकत असतील तरी निर्धास्त होऊ नका. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून प्रत्येकाचं अंतर लाइव्ह बघा. मोकळ्या जागेत जो ठरावीक आकडा धरून बसतो, तो दोषी. रंग खरवडू नका, चकती जाते. नवा सेन्सर बाहेर काढूनच, पातळ थराने रंगवून बसवायचा.

चकती४०
खांबाचं मात्र काही अंशी तसंच राहणार. गोल, बारीक खांबावरून ध्वनी इकडेतिकडे विखुरतो, परत येतो तो थोडाच. तारेची जाळी, जाड लोकरी कपडे, उतारावरचा बुटका कठडा यांचंही तेच. शिवाय अगदी जवळ, साधारण 20 सेंटिमीटरच्या आत, चकतीची थरथर शमायच्या आधीच प्रतिध्वनी येऊन जातो. तिथे आरसा आणि कॅमेराच बघा.

एबीएसपंप
एक गोष्ट सुटतेय. आडव्या येणाऱ्या वाहनासाठी ब्रेक मारणारी यंत्रणा बहुधा बंपरच्या कोपऱ्यांमागच्या रडारवर चालते. त्या जागी पुट्टी किंवा मेटॅलिक रंगाचे जास्त थर असतील तर लहरी अडतात. म्हणून ब्रेक लागतो त्या क्षणी स्क्रीनकडे बघा: अंतराच्या पट्ट्या लाल झाल्या तर सेन्सर, बाजूचा बाण आला तर रडार. रडार असेल तर ते ज्यावर बसवलंय त्या ब्रॅकेटचा कोन तपासून कॅलिब्रेशन (अचूक जुळणी) करून घ्या.

आणि गाडी आपोआप थांबली तरी पाय ब्रेकवर हवाच. ब्रेकचा दाब एबीएस/ईएससीचा (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या आणि गाडी घसरण्यापासून सावरणाऱ्या यंत्रणेचा) पंप तयार करतो आणि बऱ्याच गाड्यांत तो काही सेकंदांतच सोडून देतो. उतारावर गाडी पुन्हा सरकते. दुरुस्ती होईपर्यंत मेनूतून हे फीचर बंद ठेवा. काही गाड्यांत ते पुढच्या स्टार्टला आपोआप चालू होतं, तेव्हा दर वेळी बघून घ्या.