एकाच सडाला परत परत दगडी (कासेची सूज), आता भारी अँटिबायोटिक मारू का?

गोठा_आणि_मी: तिसऱ्या वेताची गाय, व्यायला दोन महिने झाले. मागच्या उजव्या सडाला दगडी झाली, सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, दूध एकदम साफ. पंधरा दिवसांनी परत पहिल्या धारेला दह्यासारख्या गुठळ्या आणि कास त्या बाजूने टणक. मग दुसऱ्या कंपनीची ट्यूब, मग इंजेक्शन, आता तिसऱ्यांदा तेच. खाते नीट, ताप नाही. सगळे म्हणतायत जंतूंना औषधाची सवय झालीय, अजून भारी मार. मारू का? आणि त्या सडाचं दूध वासराला पाजतोय, चालतं ना?

धारवाला: भारी बिरी नंतर, आधी दुधाचं कल्चर करा, म्हणजे लॅबमध्ये दुधातले जंतू वाढवून बघतात, कुठला जंतू आणि कुठलं औषध त्याला लागू पडतं ते कळेल. सॅम्पल मात्र पुढची ट्यूब सोडायच्या आधीच घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसायचं, कापूस काळा निघाला की नवीन घ्यायचा, पहिल्या दोन-चार धारा सोडून द्यायच्या आणि निर्जंतुक बाटली आडवी धरून धार घ्यायची, म्हणजे वरून केस-शेण पडत नाही. बर्फात ठेवून लगेच लॅबला. मी एकदा चहाच्या धुतलेल्या कपात नेलं होतं, रिपोर्टमध्ये अख्खा गोठाच उगवला 😄

पशुवैद्य_गावाकडचा: औषध लागू पडलं नाही म्हणजे दरवेळी रेझिस्टन्सच (जंतूंना औषधाची सवय) असतो असं नाही हो. तुमची लक्षणं स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जंतूची वाटतात, अर्थात कल्चरशिवाय नक्की नाही. हा कासेत आत गाठी करून बसतो, पेशींच्या आतसुद्धा लपतो, तिथे औषध नीट पोचतच नाही, त्यामुळे लॅबच्या ताटलीत मरणारा जंतू कासेत जिवंत राहतो. शिवाय याच्या काही जाती पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम बनवतात, तो खरा रेझिस्टन्स. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असेल तर त्याला पेशीभित्तिकाच (पेशीची बाहेरची भिंत) नसते आणि पेनिसिलिन त्या भिंतीवरच काम करतं, मग ते किती पण सोडा, उपयोग नाही. उलट ई. कोलाय जंतूची सौम्य दगडी बऱ्याचदा गाय स्वतःच निस्तरते, तिथे अँटिबायोटिक फुकट जातं. तेव्हा अंदाजाने औषध बदलत बसू नका. आणि दूध साफ दिसलं म्हणून कोर्स मध्येच सोडला होतात का, ते पण सांगा.

वासरूप्रेमी: वासराला अजिबात देऊ नका!! त्यात जंतू पण आणि औषधाचा अंश पण, वासराच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. उकळून जंतू मरतील, औषध बहुतेक तसंच राहतं. ते सड सगळ्यात शेवटी पिळा, हात धुवा, धार झाल्यावर आयोडीनमध्ये सड बुडवा आणि लगेच वैरण टाका म्हणजे गाय उभी राहील, कारण सडाचं छिद्र अर्धा तास तरी उघडं असतं.

गोठा_आणि_मी: कोर्स दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशीच थांबवला होता, दूध पांढरं दिसलं म्हणून 🙏 वासराचं आजपासून बंद. सॅम्पल उद्या सकाळच्या धारेला घेतो. पण एक, काल संध्याकाळी इंजेक्शन दिलंय, तरी चालेल का?

पशुवैद्य_गावाकडचा: मग उद्या नको, जंतू उगवणारच नाहीत आणि रिपोर्ट खोटाच चांगला येईल. डॉक्टरांनी ठरवलेला डोस पूर्ण होऊ द्या, सॅम्पल कधी घ्यायचं ते त्यांनाच विचारा. तोवर बाकीच्या तीन सडांची सीएमटी (दुधात द्रावण मिसळून करायची गोठ्यातली दगडीची चाचणी) करून बघा, दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर तिथे पण आहे.