पेंटबॉल मार्करचा ट्रिगर एकदा दाबला की दोन गोळ्या सुटतात, मदत हवी आहे

न्यू जर्सीत रविवारी खेळतो. सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक मार्कर (रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक) घेतलाय, .६८ कॅलिबर, मायक्रोस्विचवाला (ट्रिगर एक छोटा स्विच दाबतो, मग बोर्ड गोळी सोडतो). मोड सेमीच आहे (एका दाबाला एक गोळी), रॅम्पिंग (भरभर दाबलं की बोर्डने आपणहून जादा गोळ्या सोडणं) बंद. बोर्डवर दोनदा तपासलं. तरी ट्रिगर हळूच दाबून सोडताना मधेच दुसरी गोळी सुटते. आमच्या मैदानावर एका दाबाला एकच गोळी हा नियम, त्यामुळे रेफ्रीने गेल्या वेळी मार्कर बाजूला ठेवायला लावला. (बरोबरच केलं म्हणा.)

आतापर्यंत केलेलं: नवी ९ व्होल्टची बॅटरी, डिबाउन्स (स्विचची थरथर नवा दाब म्हणून धरली जाऊ नये यासाठी बोर्ड थांबतो तो वेळ) ५ वरून १५ मिलिसेकंद. फरक पडला, पण जलद दाबताना गोळ्या गाळल्या जातात. गोळ्या सुटण्याची मर्यादा सेकंदाला १०.५ वर आणली, तर दुसरी गोळी सुटतेच, फक्त जरा उशिरा. क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) सेकंदाला २८० फूट आहे, तिथे गडबड नाही.

एक गंमत: हवेची टाकी काढून नुसता ट्रिगर दाबला, तर बोर्डचा दिवा एकदाच लुकलुकतो. मार्कर हातात सैल धरून गोळी झाडली की त्रास वाढतो. म्हणजे धक्क्याने ट्रिगर पुन्हा स्विचवर आपटतोय का?

मग आधी काय करू: परतीचा स्क्रू आवळून ट्रिगरचा ताण वाढवू, स्विच दाबल्यानंतरची चाल कमी करू, की सरळ मायक्रोस्विचच बदलू?