छोट्या ऑटोनॉमस बोटीला शीड कुठलं लावायचं? (अटलांटिकसाठी)

हॅलिफॅक्सकर:
मंडळी, आम्ही तिघं मिळून १.८ मीटरची आपोआप चालणारी शिडाची बोट बनवतोय, मायक्रोट्रान्सॅटच्या (बिनमाणसाच्या छोट्या बोटींनी अटलांटिक पार करायची स्पर्धा) नियमात बसते (कमाल २.४ मीटर), न्यूफाउंडलंडवरून सोडायची आणि आयर्लंड गाठायचं. हल (बोटीचं धड), कील (बोट सरळ ठेवणारा बुडाखालचा जड पंख) झालंय, घोडं अडलंय शिडापाशी. मेन (मुख्य शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) लावून विंचने (दोर गुंडाळणारी मोटर) दोर ओढायचा का सरळ कार्बनचं विंगसेल (विमानाच्या पंखासारखं कडक शीड)? तळ्यात सर्वो (शीड फिरवणारी छोटी मोटर) मस्त चालतो, पण रात्रंदिवस दोर ओढत बसला तर सोलरवर भागेल असं वाटत नाही.

डोलकाठी_७२:
विंच विसरा राव. करंट सोडा, दोर एकाच जागी घासत राहतो आणि एक दिवस तुटतो, मग संपलंच. या स्पर्धेत २०१० पासून बोटी सुटतायत, पण अटलांटिक पार केला तो थेट २०१८ ला, नॉर्वेच्या एसबी मेट नावाच्या सेलबॉयने (शिडावर चालणारी बिनमाणसाची बोट), २ मीटर लांब, ६० किलो, तुमच्याच रूटने. तिचं शीड बघा, पुढच्या बाजूला एकच बुटकं पान, ताणाच्या तारा वगैरे काही नाही.

खारा_वारा:
कापडीच हवं असेल तर बॅलन्स्ड रिग करा की. जिब आणि मेन एकाच बूमवर (शिडाखालची आडवी काठी) आणि काठीसकट सगळं फिरतं, जिबवरचा वारा मेनच्या ओढीला उलट जोर देतो त्यामुळे सर्वोवर लोड फार कमी येतो. फक्त काठीच्या बुडाला स्टीलचं बेअरिंग नको, खाऱ्या पाण्यात जाम होणारच, अ‍ॅसिटलचा (कडक प्लास्टिक) बुश टाका आणि पाणी निथळायला खाली भोक ठेवा.

हॅलिफॅक्सकर:
आणि सेलड्रोनसारखं (समुद्रात माहिती गोळा करणारी बिनमाणसाची शिडाची बोट) शेपटीवालं? त्यात मोटर फक्त शेपटीचा फ्लॅप हलवते आणि विंग वाऱ्यावर आपली आपण सेट होते ना?

डोलकाठी_७२:
हो, करंट वाचवायला त्याला तोड नाही. पण त्यांची बोट ७ मीटरची, आणि २०१९ ला अंटार्क्टिकाला फेरी मारली (१९६ दिवस) तेव्हा त्यांनीपण नेहमीची उंच विंग काढून बुटकी चौकोनी लावलेली, कारण दक्षिण महासागरात उंच विंग टिकली नसती. तुमच्या १.८ मीटरवर तर शेपटी मागे लोंबणार आणि पहिली मोठी लाट तीच तोडणार. वेग गेला खड्ड्यात, शीड तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्मं करा.

खारा_वारा:
निम्म्याला +१. काठी पोकळ ठेवून दोन्ही टोकं इपॉक्सीने बंद करा म्हणजे आडवी पडली तरी तरंगेल आणि कीलला बोट सरळ करणं सोपं जाईल. विंग केली तर आत क्लोज्ड सेल फोम (पाणी न शोषणारा) भरा, चीर पडली तरी पाणी साठत नाही.